आश्रयार्थीची खरी हकीकत न्यायालयात खरी ठरावी म्हणून: वकिलाच्या कामाची रीत

इथिओपियाच्या ओरोमिया भागातली एक शिक्षिका घ्या. उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण आश्रयाच्या दाव्यांत खरोखर येते. परक्या देशात उतरल्यावर पहिल्याच चौकशीत तिला विचारलं, ‘अटक कधी झाली?’ ती म्हणाली, ‘टिकिम्त महिन्यात, 2009 साली.’ दुभाष्याने महिन्याचं ‘ऑक्टोबर’ केलं आणि वर्ष होतं तसंच ठेवलं. कागदावर उमटलं ‘ऑक्टोबर 2009’.

इथिओपियाची कालगणना ग्रेगोरियन कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालते. तिचा टिकिम्त 2009 म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर 2016. त्याच ऑक्टोबरमध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली होती आणि महिन्याभरातच 11 हजारांहून जास्त लोकांना ताब्यात घेतल्याचं खुद्द सरकारी बाजूने सांगितलं होतं. तिची हकीकत त्या काळाशी चपखल बसत होती, पण कागदावर उतरलेली हकीकत बसत नव्हती. अधिकाऱ्याने तिचं जन्मवर्ष आणि अटकेचं वर्ष ताडून पाहिलं आणि शेरा मारला: त्या वेळी ही स्वतःच शाळेत जाणारी मुलगी होती, शिक्षिका कशी असेल?

त्याच जबाबात पुढे आहे, ‘रात्री तीन वाजता सैनिक आले, मुलं जेवत होती.’ पहाटे तीनला कुठली मुलं जेवतात? पण इथिओपियात रात्रीचे तास संध्याकाळी सहापासून मोजतात. तिचे रात्रीचे तीन म्हणजे नऊ. मुलं जेवणारच.

बाई खरं बोलली होती, तरी खोटी ठरली. असे दावे पाहिले की एक गोष्ट पक्की होते: वकिलाने हकीकत सजवायची नसते. ती कागदावर कशी उतरली हे तपासायचं आणि अशिलाला ती पूर्ण सांगता येईल एवढा वेळ नि एवढी निर्धास्त जागा द्यायची. पुढचं सगळं त्या कामाबद्दल आहे.

आधी मोजपट्टी ओळखा

1951 च्या निर्वासितविषयक करारानुसार शरणार्थी म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असलेली, आपल्या देशाबाहेर असलेली व्यक्ती. 1967 च्या प्रोटोकॉलने या व्याख्येवरची काळाची आणि भूगोलाची बंधनं काढली. व्याख्या जवळजवळ सगळीकडे हीच आहे. हकीकतीवर विश्वास ठेवायचा कसा, याचे नियम मात्र देशागणिक बदलतात आणि वकिलाने तयारी त्या नियमांच्या बेताने करायची असते.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये म्हटलं की छळाची शक्यता दहात एक असली तरी भीती साधार असू शकते. धोक्याच्या बाबतीत ही मोजपट्टी उदार आहे. विश्वासार्हतेच्या बाबतीत ती तशी नाही. 2005 च्या रिअल आयडी कायद्यानुसार न्यायाधीश साक्षीदाराचा आविर्भाव, मोकळेपणा, हकीकतीचा संभाव्यपणा, आधीच्या आणि आताच्या जबाबांतला मेळ, सगळं पाहू शकतात. आणि विसंगती दाव्याच्या गाभ्याशी संबंधित नसली तरी ती विरुद्ध धरू शकतात. बहिणीच्या लग्नाचं वर्ष चुकलं म्हणून तुरुंगवासाच्या साक्षीवर अविश्वास, हे तिथे घडू शकतं. पण त्याच कायद्यात ‘सर्व परिस्थितीचा एकत्रित विचार’ करून, असंही म्हटलं आहे. वकिलाने युक्तिवादात हे शब्द घट्ट धरून ठेवावेत.

कॅनडात उलट बाजूने सुरुवात होते. 1979 च्या माल्डोनाडो खटल्यातल्या निकालापासून तिथे शपथेवर दिलेली साक्ष, शंकेला कारण नसेल तर, खरी मानली जाते. ब्रिटनमध्ये 28 जून 2022 नंतरच्या दाव्यांसाठी मोजपट्टी कडक झाली: अर्जदाराला करारातल्या कारणाने खरोखर भीती वाटते का, हे आता ‘असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त’ या पातळीवर दाखवावं लागतं, परत गेल्यावरचा धोका जुन्या, सैल मोजपट्टीनेच मोजतात. युरोपीय संघाने 2011 च्या निर्देशात कलम 4(5) घातलं. पुरावा नसलेल्या भागावरही विश्वास कधी ठेवायचा, हे त्यात सांगितलंय: अर्जदाराने मनापासून प्रयत्न केला, हाताशी होतं ते सगळं दिलं, नसलेल्याचं पटेल असं कारण दिलं, कथन सुसंगत आहे, अर्ज वेळेत केला किंवा उशिराचं कारण आहे, आणि एकूण माणूस विश्वासार्ह वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची 1979 ची हस्तपुस्तिका तर सांगते की सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असली तरी तथ्यं शोधण्याचं काम अर्जदार आणि तपासणारा दोघांचं आहे.

यातली कुठली मोजपट्टी आपल्या खटल्याला लागू आहे, ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कुठला पुरावा गोळा करायचा आणि कुठल्या गोष्टीसाठी धावाधाव करायची नाही, ते त्यावरून ठरतं.

भेटीआधी जुने कागद मागवा

आश्रयार्थी तुमच्याकडे येतो तेव्हा त्याची हकीकत बहुधा दोन-तीन ठिकाणी नोंदली गेलेली असते: सीमेवरच्या किंवा विमानतळावरच्या चौकशीत, व्हिसाच्या अर्जात, छावणीतल्या डॉक्टरच्या टिपणात, कधी आधीच्या वकिलाने घाईत भरलेल्या फॉर्मवर. सरकारी वकिलाच्या हातात हे सगळं असतं. तुमच्या हातात नसेल तर उलटतपासणीत तुम्हीही अशिलाइतकेच चकित व्हाल.

म्हणून वकीलपत्र झालं की पहिला अर्ज सगळ्या नोंदींच्या प्रतींसाठी. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण असेल तर तेही मागा. लेखी सारांशावर भागवू नका. सारांश अधिकाऱ्याच्या भाषेत असतो. अशिलाच्या तोंडचे शब्द मिळतात ते मुद्रणातच.

मुदतीही याच वेळी तपासा. अमेरिकेत देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अपवाद आहेत, पण ते सिद्ध करावे लागतात. ब्रिटनच्या 2004 च्या कायद्याचं कलम 8 सांगतं की वाटेतल्या सुरक्षित देशात संधी असून आश्रय न मागणं, पासपोर्ट नष्ट करणं, अशा वागण्याने विश्वासार्हतेला बाध येतो असं धरावं. म्हणजे ‘वाटेत का नाही मागितला?’ हा प्रश्न येणार हे आजच माहीत आहे. त्याचं खरं उत्तर अशिलाकडून आजच घ्या.

दुभाषी: अर्धा खटला इथे असतो

‘कुर्दी येतं का?’ एवढं विचारून दुभाषी नेमू नये. सोरानी आणि कुरमांजी या कुर्दीच्या बोली इतक्या वेगळ्या की एकीचा जाणकार दुसरीत अडखळतो. अफगाण माणसाला दरी हवी की पश्तो, इरिट्रियन माणसाला तिग्रिन्या हवी की दुसरी कुठली, हे त्यालाच विचारायचं. दुभाषी कुठल्या गटाचा, स्त्री की पुरुष, हेही. ज्या समाजाच्या लोकांनी छळलं त्याच समाजाचा माणूस शेजारी बसलेला असेल, तर तोंडून शब्द फुटत नाही. अत्याचार झालेली स्त्री पुरुष दुभाष्यापुढे ‘मला मारलं’ इथवरच येते आणि थांबते. नातेवाईक दुभाषी तर मुळीच नको, मग तो कितीही तत्पर असो. काही गोष्टी घरच्यांपासूनच लपवलेल्या असतात.

सुरुवातीला पाच मिनिटं दोघांना प्रवासाबद्दल, तब्येतीबद्दल बोलू द्या आणि मग अशिलाला विचारा, ‘यांचं सगळं समजतंय ना?’ ‘हो’ म्हणताना तो घुटमळला तर दुभाषी बदला. दुभाष्याला सांगून ठेवा: सारांश नको, वाक्यामागून वाक्य हवं, तो ‘मी’ म्हणाला तर तुम्हीही ‘मी’ म्हणा, तारखा स्वतः बदलू नका, तो जे म्हणतो तेच सांगा, हिशोब आपण नंतर कागदावर करू.

शब्दांकडेही लक्ष हवं. कित्येक भाषांत सख्खा भाऊ आणि चुलतभाऊ यांना एकच शब्द आहे. पहिल्या जबाबात ‘भावाला मारलं’, कुटुंबाच्या यादीत भाऊच नाही, की झाली विसंगती. ‘तुरुंग’, ‘ठाणं’, ‘छावणी’ यांचंही तसंच. आपल्या शिक्षिकेने पहिल्यांदा ‘दोनदा तुरुंगात टाकलं’ सांगितलं आणि नंतर तीन अटका. तिसरी अटक म्हणजे गावच्या चौकीत काढलेली एक रात्र. तिच्या लेखी तो तुरुंग नव्हताच.

ऐकायच्या भेटी

एका बैठकीत पूर्ण हकीकत निघत नाही. चार भेटी धरून चला. पहिल्या भेटीत छळाचा विषयच काढू नका. गोपनीयता म्हणजे काय ते नीट समजावून सांगा. जिथून तो आला तिथे वकील, पोलीस, न्यायाधीश सगळे एकाच पारड्यात असतील, तर ‘मी सरकारचा माणूस नाही’ हे दोनदा सांगावं लागतं. मग घर, शाळा, काम, माणसं याबद्दल बोला. त्या गप्पांतूनच पुढे तारखा लावायला खुणा मिळतात.

दुसऱ्या भेटीत त्याला हवी तिथून सुरुवात करू द्या आणि मधे तोडू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच. सूचक प्रश्न इथे विष आहेत. ‘त्यांनी तुम्हाला काठीने मारलं का?’ असं विचारलंत की ‘हो’ येईल, आणि ती काठी त्याची की तुमची हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. ‘काय वापरलं?’ असं विचारा. प्रसंगाच्या आत शिरायचं असेल तर जागेवरून शिरा: दार कुठल्या बाजूला होतं, प्रकाश कुठून यायचा, किती जण होते, झोपायला काय होतं. कोरा कागद देऊन खोलीचा नकाशा काढायला सांगा. ज्याला तारीख आठवत नाही, त्याला भिंतीतलं भोक कुठे होतं ते मात्र आठवतं. असा तपशील रचून सांगता येत नाही, आणि न्यायाधीशालाही ते कळतं.

स्मृती कशी चालते हे वकिलाला ठाऊक असायलाच हवं. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये राहण्याची परवानगी आधीच मिळालेल्या 39 कोसोव्हन आणि बोस्नियन शरणार्थींच्या मुलाखती काही काळाच्या अंतराने दोनदा घेतल्या. त्यांना खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं, तरी त्यांच्या दोन कथनांत फरक पडलेच. आजूबाजूच्या तपशिलांत फरक जास्त होते. ज्यांना मानसिक आघाताचा त्रास अधिक होता, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींतलं अंतर वाढलं की फरकही वाढत गेले. म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त ओढवलं, त्याच्याच हकीकतीत सर्वांत जास्त फटी सापडण्याची शक्यता. हा अभ्यास तज्ज्ञाच्या अहवालातून न्यायालयापुढे आणता येतो, आणि आणावा.

अशील थरथरू लागला, नजर एका जागी खिळली, दुसऱ्याच माणसाबद्दल सांगतोय असं बोलू लागला, की थांबा. पाणी द्या, खिडकी उघडा, आज कुठला वार आहे ते विचारा. तो प्रसंग पुढच्या भेटीत. ऐकताना आपल्या मनावरही ओरखडे उठतात. सलग दोन अशी बोलणी एका दिवशी ठेवू नयेत, हे मी स्वतःपुरतं ठरवून टाकलेलं आहे.

काही गोष्टी उशिराच बाहेर येतात: बलात्कार, समलैंगिकता, स्वतःच्या मुलाला मागे ठेवून येणं. ‘पहिल्यांदा का नाही सांगितलं?’ याचं उत्तर लाज, भीती किंवा समोरचा दुभाषी, जे असेल ते अशिलाच्या शब्दांत नोंदवा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2 डिसेंबर 2014 च्या निकालात स्पष्ट केलं की लैंगिक कल पहिल्याच संधीला सांगितला नाही एवढ्यावरून अर्जदाराला अविश्वसनीय ठरवता येणार नाही. त्याच्या खाजगी लैंगिक व्यवहारांची तपशीलवार चौकशी करता येणार नाही आणि तसे फोटो-चित्रफिती पुरावा म्हणून घेता येणार नाहीत. अशील घाबरून असं काही आणून देऊ लागला तर वकिलानेच ते परत करावं. स्वतःचं वेगळेपण कधी कळलं, तेव्हा काय वाटलं, कुणापासून काय लपवावं लागलं, हे त्याने सांगणं पुरेसं आणि जास्त बोलकं असतं.

काळाची पट्टी

आता हिशोब. लांब कागद घ्या, आडवी रेघ ओढा. वर अशिलाच्या आयुष्यातल्या घटना, खाली देशातल्या सार्वजनिक घटना. तारीख आठवत नसेल तर खुणांनी लावा: परीक्षा झाली होती का, पाऊस होता का, मुलगी चालायला लागली होती का, कुठला सण गेला होता. अफगाणिस्तान आणि इराणमधली सौर हिजरी कालगणना मार्चच्या 20-21 तारखेला नवं वर्ष सुरू करते. इथिओपियाचं वर्ष सप्टेंबरच्या 11-12 ला सुरू होतं आणि त्यात 13 महिने असतात. चांद्र हिजरी वर्ष तर दरवर्षी साधारण 11 दिवसांनी सरकतं. मूळ तारीख आणि रूपांतरित तारीख दोन्ही लिहा आणि रूपांतराचा तक्ता न्यायालयात जोडा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: जे अंदाजे आहे ते अंदाजेच राहू द्या. ‘2016 चा पावसाळा संपताना’ ही प्रामाणिक तारीख आहे. ‘14 सप्टेंबर 2016’ नीटनेटकी दिसते म्हणून वकिलाने लिहून दिली, की उलटतपासणीत अशील ती विसरणार आणि खोटा ठरणार. तो खोटेपणा आपणच त्याच्या पदरात बांधलेला असतो.

विसंगती आपण आधी शोधायची

जुन्या नोंदी आणि नवी पट्टी शेजारी ठेवा आणि सरकारी वकिलाच्या नजरेने वाचा. जिथे जिथे फरक आहे तिथे खूण करा, मग अशिलाला मोकळेपणाने विचारा: ‘इथे दोन लिहिलंय, तुम्ही मला तीन सांगितलंत. दोन्ही वेळी काय घडलं होतं?’ आरोपाचा सूर नको, आणि उत्तर सुचवायचं तर नाहीच.

कारणं बहुतेकदा साधी असतात. पहिली चौकशी रात्रभरच्या प्रवासानंतर झाली. ‘थोडक्यात सांगा’ असं सांगितलं होतं. जबाब वाचून दाखवला नाही. दलालाने ‘अमुकच सांग’ म्हणून बजावलं होतं. कारण सापडलं की ते प्रतिज्ञापत्रात स्वतःहून मांडा. न्यायाधीशाने शोधलेली विसंगती आणि आपण सांगितलेली विसंगती यांचं वजन सारखं नसतं.

कधी मात्र उत्तर येतं, ‘तेव्हा मी खोटं सांगितलं.’ खोट्या पासपोर्टवर आलेला माणूस सीमेवर खोटं नाव सांगतो. दलालाने पढवलेली कथा पाठ म्हणतो. अशा वेळी दडपून नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. 1979 च्या हस्तपुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय की खोटी विधानं एवढंच दर्जा नाकारायचं कारण होऊ शकत नाही. ती सगळ्या परिस्थितीच्या प्रकाशात तपासली पाहिजेत. काय खोटं होतं, का, कुणाच्या सांगण्यावरून, आणि आता का सुधारतो आहे, हे शपथेवर लिहा. करारातलं कलम 31 बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये असं सांगतं, तेही अटींसह. अशिलाला ते समजावून सांगितलंत की त्याची भीती थोडी उतरते.

आणि अशील पुढेही खोटंच सांगू पाहत असेल? तर ते न्यायालयात मांडायचं नाही, हे त्याला तोंडावर सांगावं लागतं. अमेरिकेत जाणूनबुजून रचलेला अर्ज ठरला तर तिथल्या इमिग्रेशनचे लाभ कायमचे बंद होतात. खोटी भर घातल्याने खरा दावा मजबूत होत नाही. ती पकडली गेली की खरा भागही तिच्याबरोबर बुडतो.

प्रतिज्ञापत्र

लिहिताना भाषा अशिलाची हवी. मच्छीमार ‘राज्यसंस्थेच्या दडपशाहीविरुद्ध’ असं बोलत नाही. ‘बोटीवर झेंडा लावायला नकार दिला’ असं बोलतो. तसंच लिहा. क्रम काळानुसार, परिच्छेदांना आकडे, प्रत्येक परिच्छेदात एक प्रसंग. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा: ‘गोळीबाराचा आवाज मी ऐकला. दोघे मेल्याचं शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं.’

तपशील भरपूर हवा, पण जिथे आठवण पक्की आहे तिथे. आणि कारणाचा धागा तुटता कामा नये. माणूस मार खाण्याचं तपशिलात सांगतो, ‘का मारलं’ ते सांगायचं राहून जातं, कारण त्याच्या लेखी ते उघड असतं. न्यायालयासाठी मात्र पाच कारणांशी असलेला दुवा हाच दाव्याचा कणा. मारताना ते काय बोलत होते? आधी कुणी धमकी दिली? तुमच्याच घरावर का आले, शेजारी का नाही?

साचा वापरू नका. एका गावातून आलेल्या पाच जणांची प्रतिज्ञापत्रं शब्दाला शब्द जुळली की न्यायालय कान टवकारतं. अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने 2015 च्या एका निकालात वेगवेगळ्या खटल्यांतल्या अशा सारखेपणाची दखल कशी घ्यायची याची चौकटच घालून दिली: न्यायाधीशाने साम्य दाखवून द्यावं, अर्जदाराला खुलाशाची संधी द्यावी, मग निर्णय घ्यावा.

सही करण्याआधी पूर्ण मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवा. घाईने नव्हे, ‘इथे चुकलंय’ म्हणायला त्याला धीर यावा अशा बेताने. दुभाष्याचीही सही घ्या.

पुरावा, आणि नसलेल्या पुराव्याचं कारण

पळून आलेला माणूस अटकेचं वॉरंट खिशात घेऊन येत नाही. तरी शोधा: शाळेचा नोकरीचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी, पक्षाचं ओळखपत्र, नातलगांचे संदेश, त्या दिवसाचा फोटो. कागद कुणी, कुठून, कसा पाठवला ते लिहा, पाकीटही जपून ठेवा. संशयास्पद कागद मुळीच जोडू नका; एक बनावट निघाला की बाकीचे खरेही काळवंडतात. आणि पुराव्यासाठी छळणाऱ्या सरकारकडे चौकशी करू नका. मागे राहिलेल्या कुटुंबाच्या जिवावर बेतू शकतं. जे मिळालं नाही, त्यासाठी काय प्रयत्न केले, कुणाला फोन केला, काय उत्तर आलं, हे शपथेवर नोंदवा.

वैद्यकीय अहवालासाठी संयुक्त राष्ट्रांचा इस्तंबूल प्रोटोकॉल हा आधार आहे; 1999 चा, 2022 मध्ये सुधारलेला. त्याच्या रीतीने डॉक्टर प्रत्येक व्रण सांगितलेल्या कारणाशी किती जुळतो हे पायऱ्यांनी सांगतो: जुळत नाही, जुळतो, फारच जुळतो, त्या इजेचा ठरावीक नमुना आहे, किंवा दुसऱ्या कशानेच होऊ शकत नाही. ‘जुळतो’ म्हणजे इतर कारणंही शक्य आहेत. युक्तिवादात त्यापुढे ताणू नका. डॉक्टरला प्रतिज्ञापत्र आधी द्या, पण निष्कर्ष सुचवू नका. व्रण नसणं म्हणजे छळ नसणं नव्हे, हे अहवालात आलेलं बरं.

देशाच्या परिस्थितीचे अहवाल गठ्ठ्याने जोडण्याची सवय वाईट. पाचशे पानं कुणी वाचत नाही. ऑस्ट्रियन रेडक्रॉसचं इकोई डॉट नेट हे संकेतस्थळ, उच्चायुक्तालयाची मार्गदर्शक टिपणं, युरोपीय संघाच्या आश्रय संस्थेचे अहवाल, अमेरिकी परराष्ट्र खात्याचे मानवाधिकार अहवाल, यांतून नेमका परिच्छेद काढा आणि प्रतिज्ञापत्राच्या नेमक्या परिच्छेदासमोर ठेवा. विरोधात जाणारा अहवाल दिसला तर त्यालाही उत्तर द्या. समोरची बाजू तो आणणारच.

साक्षीची तयारी म्हणजे पढवणं नव्हे

पढवलेला साक्षीदार लपत नाही. प्रश्न कसाही येवो, उत्तर त्याच शब्दांत येतं, आणि एक अनपेक्षित प्रश्न आला की सगळं कोसळतं. म्हणून उत्तरं शिकवू नका. सुनावणी कशी चालते ते शिकवा. कोण कुठे बसेल, सरतपासणी म्हणजे आपल्याच वकिलाने आधी विचारलेले प्रश्न कसे असतात, उलटतपासणीत सरकारी वकील का खोदेल, न्यायाधीश मधेच का विचारतील, दुभाषी वाक्य संपेपर्यंत का थांबेल. जमल्यास रिकामी खोली आधी दाखवून आणा.

तीन वाक्यं मात्र पक्की करून घ्या: ‘प्रश्न समजला नाही.’ ‘मला माहीत नाही.’ ‘आता आठवत नाही.’ तिन्हींचा अर्थ वेगळा आहे, आणि तिन्ही म्हणायला धैर्य लागतं. ज्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हटल्यावर मार बसलेला आहे, तो अधिकाऱ्यापुढे काहीतरी उत्तर देऊन मोकळा होतो. हे त्याच्याशी बोलून घ्यावं लागतं. मग एखाद्या सहकाऱ्याला सरकारी वकील करून कडक प्रश्न विचारू द्या. उत्तर चुकलं तर ते बदलून देऊ नका; काय गोंधळ झाला ते विचारा.

आविर्भावाबद्दलही आधीच न्यायालयाला सांगून ठेवा. नजर खाली ठेवणं कुठे आदराचं असतं, सपाट आवाजात भयंकर गोष्ट सांगणं हे आघाताचं लक्षण असू शकतं. ‘रड’ किंवा ‘रडू नको’ यातलं काहीही अशिलाला सांगायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल असेल तर त्याच्या आधारे विश्रांती, सौम्य प्रश्नपद्धती, बंद दालन, स्त्री न्यायाधीश किंवा स्त्री दुभाषी अशा सोयी लेखी अर्जाने मागा. ब्रिटनच्या न्यायाधिकरणांत असुरक्षित साक्षीदारांसाठी 2010 पासून मार्गदर्शक टिपण आहे. त्याचा हवाला द्यायला विसरू नका.

सुनावणीच्या दिवशी

दुभाषी चुकला तर त्याच क्षणी उठा आणि नोंद करून घ्या. अपिलात पहिल्यांदा मांडलेल्या भाषांतराच्या तक्रारीकडे न्यायालय साशंकतेने पाहतं. म्हणूनच अशिलाची भाषा जाणणारा आपला माणूस मागच्या बाकावर असावा. सरतपासणीत उघडे प्रश्न विचारा आणि माहीत असलेल्या विसंगती स्वतःच काढा. फेरतपासणीत, म्हणजे त्यानंतर आपल्याला पुन्हा प्रश्न विचारता येतात तेव्हा, उलटतपासणीने गढूळ केलेलं तेवढंच निवळा. नवीन विषय उघडू नका.

निकाल विरुद्ध गेला तर तो ओळीने वाचा. प्रत्येक ‘विसंगती’समोर तीन प्रश्न लिहा: ती नोंदीत खरंच आहे का? अशिलाला खुलाशाची संधी दिली होती का? दिलेला खुलासा निकालात विचारात घेतलाय का?

त्या शिक्षिकेच्या फाइलमध्ये पहिल्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण जोडलेलं असतं तर त्यात ‘टिकिम्त’ हा शब्द स्वच्छ ऐकू आला असता. अपिलात तेच करायचं: मुद्रणाची प्रत, तो शब्द कितव्या मिनिटाला येतो त्याचा आकडा, स्वतंत्र भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र, दोन कालगणनांचा एक पानी तक्ता, आणि त्याखाली 2016 च्या आणीबाणीचा अहवाल. पाच कागद, एकाला एक लागून, त्याच क्रमाने.